आकड्यांना रेषा देणारा विल्यम प्लेफेअर

मित्रांनो, सेमिनारचा सीझन आला की हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एकच दृश्य दिसतं. एका बाजूला एक्सेलची शीट, दुसऱ्या बाजूला पॉवरपॉइंट, आणि मध्ये कॉपी-पेस्टची धावपळ! रीडिंग बदललं की चार्ट बदला, चार्ट बदलला की स्लाइड बदला, आणि सकाळी गाईडनी आणखी एक रीडिंग दुरुस्त करायला सांगितलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. या गडबडीत एक प्रश्न मात्र सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. इन्सर्टच्या मेनूत दिसणारे हे लाइन चार्ट, बार चार्ट, पाय चार्ट मुळात काढले कुणी?

आश्चर्य वाटेल, पण या तिन्हींमागे मुख्यतः एकच माणूस आहे. तो गणिताचा प्राध्यापक नव्हता, त्याच्याकडे कुठली डिग्रीही नव्हती. तो होता ड्रॉइंग बोर्डवर काम करणारा, पक्का मेकॅनिकलवाला! नाव विल्यम प्लेफेअर. जगाला आकडे बघायला शिकवणारा हा माणूस स्वतःच्या आयुष्याचा हिशोब मात्र कधीच जमवू शकला नाही. म्हणूनच त्याची गोष्ट आपल्या पिढीने वाचायला हवी.

प्लेफेअरचा जन्म २२ सप्टेंबर १७५९ रोजी स्कॉटलंडमध्ये डंडी शहराजवळच्या लिफ या गावी झाला. वडील धर्मगुरू होते. १७७२ साली ते वारले तेव्हा विल्यम जेमतेम १२-१३ वर्षांचा होता. घराची जबाबदारी थोरल्या भावावर, जॉनवर आली. हा जॉन प्लेफेअर म्हणजे साधीसुधी असामी नव्हे. पुढे तो एडिंबरा विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. रेषेबाहेरच्या एका बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते, हे आपण शाळेत भूमितीत घोकलेलं विधान आजही प्लेफेअरचं गृहीतक म्हणून ओळखलं जातं, ते याच जॉनच्या नावाने.

जॉनने धाकट्या भावाला एक साधं काम लावून दिलं. रोजचं तापमान थर्मामीटरवर बघायचं आणि कागदावरच्या पट्टीवर त्याच्या उंचीएवढी खूण करायची. दिवसामागून दिवस खुणा शेजारी शेजारी पडत गेल्या आणि हवामानाचा चढउतार कागदावर दिसू लागला. जे जे आकड्यात सांगता येतं ते ते रेषेतही दाखवता येतं, हा धडा विल्यमला इथे मिळाला. आपल्या शोधाचं श्रेय त्याने पुढे मोकळेपणाने भावाला दिलं. आपल्याकडे जर्नल भरणं म्हणजे शिक्षा वाटते, पण या पोराच्या बाबतीत रोजचं रीडिंग लिहिण्यातूनच सगळं उगवलं!

पुढे त्याला अँड्र्यू मिकल या यंत्रकाराकडे उमेदवारीला ठेवलं. धान्य मळणीच्या यंत्रासाठी मिकलचं नाव इतिहासात आहे. पुढे लंडनचा वॉटर्लू पूल बांधणारा जॉन रेनी हा इंजिनिअरही मिकलच्याच तालमीतला. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर वर्कशॉप प्रॅक्टिस एकदम कडक झाली. १७७७ साली विल्यम बर्मिंगहॅमला गेला आणि बोल्टन अँड वॅट कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागला. वाफेच्या इंजिनाची ड्रॉइंग करायची, आणि तीही खुद्द जेम्स वॅटच्या हाताखाली! अठराव्या वर्षी यापेक्षा चांगलं प्लेसमेंट कुठलं?

त्या काळचं बर्मिंगहॅम म्हणजे नव्या कल्पनांचं आगर. वॅट आणि बोल्टन यांच्या मित्रमंडळींत जोसेफ प्रिस्टली हा शास्त्रज्ञही होता. त्याने १७६५ साली थोर माणसांच्या आयुष्यांचा एक तक्ता काढला होता. काळाची एक आडवी पट्टी, आणि प्रत्येक माणसासाठी त्याच्या आयुष्याएवढी रेघ. कोण कुणाच्या वेळी होता हे एका नजरेत कळायचं. काळ आडव्या अक्षावर मांडायची ही कल्पना प्लेफेअरच्या मनात घर करून राहिली.

पण नोकरीत स्थिर बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. काही वर्षांत त्याने वॅटची नोकरी सोडली आणि लंडनला जाऊन एका जोडीदाराबरोबर चांदीकामाचं दुकान काढलं. धातूच्या नक्षीकामाची पेटंटंही घेतली. धंदा मात्र बसला. मग गडी वळला लेखनाकडे.

१७८६ साली त्याचं ‘द कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलास’ हे पुस्तक निघालं. अ‍ॅटलास म्हटलं की आपल्याला नकाशे आठवतात. या अ‍ॅटलासमध्ये नकाशा एकही नव्हता! त्यात ४४ आलेख होते. इंग्लंडचा निरनिराळ्या देशांशी झालेला व्यापार, सरकारचा खर्च, राष्ट्रीय कर्ज, असे विषय. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर पैसे. एक रेषा आयातीची, एक निर्यातीची, आणि दोघींमधली जागा हाताने रंगवलेली. डेन्मार्क आणि नॉर्वेशी चाललेल्या व्यापाराचा त्याचा आलेख आजही पाठ्यपुस्तकांत देतात. १७०० पासून सुरुवातीची कित्येक वर्षं आयातीची रेषा वर आहे, म्हणजे इंग्लंड तोट्यात. शतकाच्या मध्याच्या आसपास दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि मग निर्यात वर चढत जाते. ऐंशी वर्षांचा व्यापार एका पानावर! ईस्ट इंडीजच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या व्यापाराचाही आलेख त्यात होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आलेख काढणारा प्लेफेअर हा पहिलाच माणूस नव्हे. शास्त्राच्या प्रयोगांत लॅम्बर्टसारख्या काही जणांनी त्याच्याआधी असे वक्र काढले होते. पण व्यापार, कर, कर्ज, मजुरी अशा माणसांच्या व्यवहारातल्या आकड्यांना कुणी असं रूप दिलं नव्हतं. पैसा लांबीत कसा मोजायचा, हा प्रश्न तेव्हाच्या वाचकाला खरोखरच पडायचा. त्यासाठी प्लेफेअरने एक घरगुती हिशोब सांगितला. समजा एखाद्या व्यापाऱ्याने रोजची कमाई नाण्यांच्या चळतीत रचून ठेवली. प्रत्येक दिवसाची एक चळत. मग जास्त कमाईच्या दिवसाची चळत उंच आणि कमीच्या दिवसाची बुटकी दिसणारच. त्याचा आलेख म्हणजे कागदावर उभ्या केलेल्या या चळतीच!

आता सगळ्यात गमतीचा भाग. स्कॉटलंडच्या व्यापाराची मालिका त्याला हवी तशी मिळाली नाही. हाती फक्त एका वर्षाचे, १७८०-८१ चे, आकडे होते. काळच नाही तर रेषा काढणार कशाची? मग त्याने १७ ठिकाणांसाठी आयात-निर्यातीच्या आडव्या पट्ट्या काढल्या. हाच तो बार चार्ट! स्वतः प्लेफेअरला हा आलेख कमअस्सल वाटायचा, कारण त्यात काळ नव्हता. डेटा अपुरा पडला म्हणून केलेली सोय आज जगातल्या निम्म्या स्लाइडवर दिसते. प्रोजेक्टमध्ये डेटा कमी पडला म्हणून हातपाय गाळणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पुस्तक तयार होत असताना प्लेफेअरने आपल्या जुन्या साहेबाचा, म्हणजे वॅटचा, सल्ला घेतला होता. वॅटने कळवलं, की आलेखांबरोबर ज्या आकड्यांवरून ते काढले त्यांचे तक्तेही छापावेत. नाहीतर सगळं काही लेखकाच्या शब्दावर उभं राहतं, आणि ही माहिती आणली कुठून असं लोक विचारणारच. वॅट खरा इंजिनिअर! रेषा कितीही सुबक असली तरी तिच्यामागचं रीडिंग दिसलं पाहिजे, हा त्याचा आग्रह. प्लेफेअरने ऐकलं आणि तक्ते छापले. १७८७ साली पुस्तकाची दुसरी आवृत्तीही आली. पण १८०१ च्या तिसऱ्या आवृत्तीत आलेख शतकाच्या अखेरपर्यंत वाढवले आणि तक्ते गाळून टाकले. आता लोकांना आलेखांची सवय झाली आहे, असं त्याला वाटलं असावं.

हे आलेख छापणं किती कटकटीचं होतं याची कल्पना करा. तांब्याच्या पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, शाई भरून छापायचं आणि मग प्रत्येक प्रतीत हाताने रंग भरायचा. पुढच्या वर्षीचे आकडे आले की आहे त्या पत्र्यावर वाढीव कोरा, नाहीतर नवा पत्रा घ्या. म्हणजे छापून बाहेर पडला त्या क्षणापासून आलेख जुना व्हायला लागायचा.

१७८७ च्या सुमारास प्लेफेअर पॅरिसला गेला. राजा सोळावा लुई याला भूगोलाची आवड होती, आणि ही नव्या तऱ्हेची पुस्तकं त्याला पसंत पडली. राजाच्या परवानगीने प्लेफेअरने धातूचे पत्रे लाटायच्या रोलिंग मिलचा उद्योग मांडला. १७८९ साली अ‍ॅटलासचं फ्रेंच भाषांतर निघालं. त्याच वर्षी फ्रान्सची राज्यक्रांती पेटली! बॅस्टीलच्या हल्ल्यात प्लेफेअरही होता असं सांगतात.

पण याच काळात त्याच्या नावाला मोठा बट्टा लागला. सायोटो कंपनी नावाची एक योजना होती. अमेरिकेतल्या ओहायो भागातल्या जमिनी फ्रेंच लोकांना विकायच्या. प्लेफेअर तिचा पॅरिसमधला माणूस. शेकडो फ्रेंच कुटुंबियांनी पैसे मोजले आणि १७९० मध्ये बोटीने अमेरिका गाठली. तिथे गेल्यावर कळलं, की हातातल्या कागदांना काही किंमतच नाही. कोण किती दोषी होता यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पण घरदार विकून जंगलात जाऊन उभ्या राहिलेल्या माणसांना त्या वादाचा काय उपयोग?

प्लेफेअर लंडनला परतला. आता तो क्रांतीचा कडवा विरोधक झाला होता. फ्रान्सच्या खोट्या नोटा छापून तिथली अर्थव्यवस्था खिळखिळी करायची, या इंग्लंडच्या गुप्त मोहिमेत त्याचा हात होता असं अलीकडचे काही संशोधक मांडतात, काहींना ते पटत नाही. मग त्याने भागीदारीत एक बँक काढली. १७९७ मध्ये तीही बुडाली. कर्जापायी तुरुंग बघावा लागला. एवढं होऊनही लेखणी काही थांबली नाही!

त्याच ओढगस्तीच्या काळात, १८०१ साली, त्याचं ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’ हे छोटं पुस्तक आलं. त्यात युरोपातल्या देशांसाठी वर्तुळं काढली होती. देशाचं क्षेत्रफळ जितकं मोठं तितकं वर्तुळ मोठं. वर्तुळाच्या एका बाजूला लोकसंख्येची उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला महसुलाची. तुर्की साम्राज्य तीन खंडांत पसरलेलं, म्हणून त्याने त्या वर्तुळाचे आशिया, युरोप आणि आफ्रिका असे तीन तुकडे पाडले. झाला पाय चार्ट! आपल्यासाठी विशेष म्हणजे हिंदुस्थानातल्या राज्यकर्त्या सत्तांचाही असाच आढावा पुस्तकाला जोडलेला आहे, आणि तसं शीर्षकातच लिहिलं आहे. ते साल १८०१. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता.

१८०५ मध्ये त्याने अ‍ॅडम स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ची टिपांसह आवृत्ती काढली. त्याच वर्षी बलाढ्य राष्ट्रं का लयाला जातात यावर एक ग्रंथही लिहिला. पण पैसा काही टिकला नाही. उतारवयात तर एका श्रीमंत स्कॉटिश सरदाराला जुन्या कागदपत्रांची भीती घालून पैसे उकळायचा प्रयत्नही त्याने केला. तो फसला. थोर माणसांच्या चरित्रात अशा गोष्टी झाकायची आपल्याकडे पद्धत आहे. पण आकडे उघडे करून दाखवणाऱ्या माणसाचं चरित्र झाकून कसं चालेल?

त्याच्या आलेखांतही कधी कधी हाच स्वभाव डोकावतो. राष्ट्रीय कर्जाचा त्याचा एक आलेख उंच आणि अरुंद आहे. त्यामुळे कर्जाची रेषा डोंगराच्या कड्यासारखी वर चढलेली दिसते आणि बघणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. तेच आकडे रुंद कागदावर मांडले तर चढ सौम्य वाटतो. कुठलाही आकडा खोटा नाही, पण चौकटीने आपलं काम केलंच! चार्टचा कोपरा माउसने ओढून इफेक्ट वाढवणाऱ्यांचा हा मूळ पुरुष.

१८२१ साली, बासष्टीच्या उंबरठ्यावर, त्याने शेवटचा मोठा आलेख काढला. विषय होता गव्हाचा भाव आणि कारागिराची मजुरी. १५६५ पासून १८२१ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं! गव्हाच्या भावाचे उभे स्तंभ, खाली आठवड्याच्या मजुरीची रेषा, आणि वर एलिझाबेथपासून चौथ्या जॉर्जपर्यंतच्या राज्यकर्त्यांच्या पट्ट्या. त्याला सांगायचं होतं, की मजुरीच्या मानाने गहू आपल्या काळाइतका स्वस्त कधीच नव्हता. मुद्दा महत्त्वाचा होता, कारण प्रश्न पोटाचा होता. पण बघणाऱ्याचं लक्ष जातं ते उंच स्तंभांकडे, आणि वाटतं की गहू किती महागला! एक क्वार्टर गव्हासाठी किती आठवडे राबावं लागतं, हे गुणोत्तर काढून त्याचीच एक रेषा दाखवली असती तर मुद्दा एका क्षणात कळला असता. गुरूचाही नेम कधी चुकतो तो असा.

११ फेब्रुवारी १८२३ रोजी लंडनमध्ये प्लेफेअर वारला. हाती पैसा नव्हता आणि नावही फारसं नव्हतं. इंग्लंडमधल्या विद्वानांनी त्याचे आलेख बराच काळ मनावर घेतले नाहीत. आकडे म्हणजे गंभीर गोष्ट, ती चित्रात कसली दाखवायची, असा एक समज होता. आणि चित्र काढणाऱ्याची पत अशी! १८६० नंतर विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने त्याच्या कामाकडे पुन्हा लक्ष वेधलं. विसाव्या शतकात संख्याशास्त्राच्या इतिहासकारांनी त्याला त्याची जागा मिळवून दिली.

आणि मग आला संगणक. १९७९ साली व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट आलं, १९८३ मध्ये लोटस १-२-३ ने शीटमधून आलेख काढून दिला, १९८५ मध्ये एक्सेल आलं, १९८७ मध्ये पॉवरपॉइंट. प्लेफेअरचा तांब्याचा पत्रा एका क्लिकवर आला! पण आलेख छापला की जुना होतो, हा त्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. स्लाइडवर चित्र म्हणून चिकटवलेला चार्ट आणि तांब्यावर कोरलेला आलेख यांत फरक तो काय? दोन्ही मुके. मूळ आकडा बदलला हे त्यांना कळतच नाही.

याचं उत्तर आहे जिवंत जोडणी. एक्सेलमधला चार्ट पॉवरपॉइंटमध्ये चिकटवताना चित्र म्हणून न चिकटवता लिंक ठेवून चिकटवला, की स्लाइड मूळ फाइलचा पत्ता लक्षात ठेवते. फाइल उघडताना लिंक अपडेट करायची का ते विचारते आणि नवे आकडे ओढून घेते. फक्त एक्सेलची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली किंवा पेन ड्राइव्हवर नुसतं प्रेझेंटेशनच नेलं, तर पत्ता चुकतो आणि चार्ट जुन्याच आकड्यांवर अडकून राहतो. गूगल शीट्समधला चार्ट गूगल स्लाइड्समध्ये इन्सर्ट केला तर आकडे बदलल्यावर चार्टवर अपडेटचं बटण दिसतं, ते दाबायचं. प्रोग्रामिंगची आवड असेल तर अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये चार ओळी लिहून सगळे लिंक केलेले चार्ट आपोआप ताजे करता येतात, आणि टायमर लावला की रोज ठरल्या वेळी ते काम होत राहतं.

ही नुसती सोय आहे असं समजू नका. वॅटने प्लेफेअरला जे सांगितलं होतं तेच हे आहे! आलेखामागे तक्ता ठेवा, विचारणाऱ्याला तो दाखवता आला पाहिजे. लिंक केलेल्या चार्टवरून उलटं शीटपर्यंत जाता येतं, शीटवरून रीडिंगपर्यंत आणि रीडिंगवरून लॅबमधल्या त्या दिवसापर्यंत. चित्र म्हणून चिकटवलेल्या चार्टला असा मागचा रस्ताच नसतो. अर्थात लिंक जोडली म्हणून आकडा खरा ठरत नाही. शीटमध्ये चुकीचं रीडिंग भरलं तर ते तितक्याच तत्परतेने स्लाइडवर पोचतं! अक्ष कुठून सुरू करायचा, चौकट किती उंच ठेवायची, कुठलं गुणोत्तर दाखवायचं, हे अजूनही माणसालाच ठरवावं लागतं.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कुणाच्या प्रेझेंटेशनला श्रोते म्हणून बसाल तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा. हा डेटा कुठला? दोन्ही अक्षांचं स्केल काय? आणि शीट शेवटची कधी अपडेट झाली? विचारताना भिडू नका, जेम्स वॅटनेही विचारलंच होतं. ज्यांना मूळ आलेख बघायचे आहेत त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट आहे. ‘अ‍ॅटलास’ आणि ‘ब्रेव्हिअरी’ ही दोन्ही पुस्तकं केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने २००५ साली एकत्र पुन्हा छापली आहेत. लायब्ररीच्या यंदाच्या खरेदीच्या यादीत तेवढं एक नाव घालायला आमच्या सरांची हरकत नसावी!